‘आमचंच कॉलेज का?’: अमेरिकेतल्या प्रवेशअर्जातल्या निबंधाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर अमेरिकेत बॅचलर्ससाठी अर्ज करणाऱ्यांना हा निबंध एकदा नाही, चार-पाच किंवा आठ-दहा वेळाही लिहावा लागतो. मुख्य निबंधावर महिनोन्‌महिने मेहनत होते आणि हा मात्र शेवटच्या आठवड्यात कॉलेजच्या वेबसाइटवरची वाक्यं इकडची तिकडे करून उरकला जातो. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. कॉलेज किती छान आहे हे त्या कॉलेजला सांगायची गरज नसते. तिथे पोचल्यावर तुम्ही नेमकं काय कराल आणि ते तुमच्या आजवरच्या कामातून कसं निघतं, एवढंच या निबंधात सांगायचं असतं. खालची सगळी उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत. निबंध अर्थातच इंग्रजीत लिहायचा असतो. नमुने कळायला सोपे जावेत म्हणून मराठीत दिले आहेत.

हा निबंध अर्जात कुठे असतो आणि किती मोठा असतो?

बहुतेक कॉलेजांचे अर्ज कॉमन अ‍ॅपवरून, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करता येणाऱ्या ऑनलाइन पोर्टलवरून जातात. तिथला मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो आणि तो सगळ्या कॉलेजांना एकच जातो. त्याखेरीज प्रत्येक कॉलेज स्वतःचे वेगळे प्रश्न विचारतं, त्यांना सप्लिमेंट म्हणतात. ‘आमचंच कॉलेज का’ हा प्रश्न तिथे असतो.

लांबीत खूप फरक असतो. येल अनेक वर्षं हा प्रश्न १२५ शब्दांत विचारत आलं आहे. टफ्ट्स तर १०० शब्दांत एक अर्धवट वाक्य पूर्ण करायला सांगतं. मिशिगन विद्यापीठाची मर्यादा ५५० शब्दांची आहे. दर वर्षी १ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप नव्या हंगामासाठी सुरू होतं आणि प्रश्न किंवा मर्यादा बदलू शकतात, म्हणून गेल्या वर्षीच्या यादीवरून लिहायला बसू नका.

सगळीकडे हा प्रश्न असतोच असंही नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज स्वतंत्र असतो. त्यात आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत लिहायचं असतं आणि तोच अर्ज बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो अशा सगळ्या कॅम्पसना जातो. तिथे ‘मला बर्कलीच का हवं’ असं लिहिलं तर ते बाकीचे कॅम्पसही वाचतील.

कॉलेज हा प्रश्न विचारतं कशासाठी?

दोन कारणं आहेत. पहिलं सरळ व्यवहाराचं. कॉमन अ‍ॅपवर एक विद्यार्थी २० कॉलेजांपर्यंत अर्ज करू शकतो. जागा देऊ केलेल्यांपैकी खरोखर येणार किती, याचा अंदाज कॉलेजला बांधावा लागतो. ज्याने कॉलेज नीट अभ्यासलं आहे तो येण्याची शक्यता जास्त, असं ते धरून चालतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: इथे शिकण्याची जी पद्धत आहे ती या मुलाला मानवेल का? कोलोरॅडो कॉलेजमध्ये एका वेळी एकच कोर्स असतो, साडेतीन आठवडे दिवसभर तेवढंच. रीड कॉलेजमध्ये शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. स्वार्थमोरच्या ऑनर्समध्ये बाहेरचे परीक्षक येऊन परीक्षा घेतात. हे सगळं कुणाला झेपेल आणि कुणाला जाच वाटेल, ते मार्कांवरून कळत नाही.

तुमच्या आस्थेला एखादं कॉलेज किती वजन देतं हे शोधायचं असेल तर कॉलेजच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेजं स्वतःबद्दलची माहिती ज्या ठरावीक नमुन्यात जाहीर करतात तो) असं टाकून सर्च करा. त्यातल्या सी-७ या तक्त्यात ‘अर्जदाराची आस्था’ अशा अर्थाची एक ओळ असते आणि तिच्यासमोर फार महत्त्वाची, महत्त्वाची, विचारात घेतली जाते किंवा घेतली जात नाही, यांपैकी एकावर खूण असते. खूण शेवटच्या रकान्यात असली तरी निबंधात हयगय करू नका. तिथे ऑनलाइन सत्रांना हजेरी किंवा ईमेल मोजले जात नाहीत, निबंध मात्र वाचला जातो.

एमएससाठी एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज) लिहितात, तसाच हा असतो का?

नाही, आणि घरात मोठ्या भावंडाची एसओपी असली की हा घोटाळा हमखास होतो. एसओपी विभागातले प्राध्यापक वाचतात, तिथे संशोधनाची तयारी दाखवायची असते. हा निबंध अ‍ॅडमिशन ऑफिसमधला माणूस वाचतो. तो तुमच्या विषयातला तज्ज्ञ नसतो आणि सतरा-अठराव्या वर्षी तुमचं आयुष्य आखून झालं असावं अशी त्याची अपेक्षाही नसते. ‘दहा वर्षांनी मी स्वतःची कंपनी काढेन’ या वाक्याने तिथे काहीच साधत नाही. पुढच्या चार वर्षांत काय कराल, ते सांगा.

प्रत्येक कॉलेजचा प्रश्न थोडा वेगळा असतो. उत्तर मात्र एकच चालेल ना?

प्रश्न दोनदा वाचा आणि त्यातली क्रियापदं अधोरेखित करा. तीन प्रकार दिसतील.

‘आमच्या कॉलेजकडे का वळलात?’ हा मोकळा प्रश्न. इथे अभ्यास, माणसं, कॅम्पसवरचं जगणं, काहीही चालतं.

‘हा विषय का, आणि तो आमच्याकडे कसा शिकाल?’ यात दोन भाग असतात. मुलं पहिल्या भागात रमतात, लहानपणापासून यंत्रं कशी उघडून बघितली ते सांगत बसतात, आणि दुसऱ्याला दोन ओळी उरतात. कमीत कमी निम्मी जागा दुसऱ्या भागाला ठेवा.

‘आमच्या अमुक स्कूलमध्ये का?’ हा तिसरा, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. (स्कूल म्हणजे इथे विद्यापीठातली वेगळी शाखा.) पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बॅचलर्ससाठी चार वेगवेगळी स्कूल्स आहेत, कॉर्नेलमध्येही अर्ज एका विशिष्ट कॉलेजला जातो. मिशिगनचा प्रश्न तर सरळच म्हणतो की तुम्ही ज्या स्कूलला अर्ज करताय त्याच्या अभ्यासक्रमाबद्दल बोला. इंजिनिअरिंगला अर्ज करून बिझनेस स्कूलच्या सोयींचं वर्णन केलं तर वाचणारा म्हणेल, मग याने तिकडेच अर्ज का केला नाही?

माहिती गोळा करायची कुठून? वेबसाइटवर तर सगळी कॉलेजं सारखीच वाटतात.

मुख्य पानं सारखीच वाटणार, कारण ती जाहिरातीसाठी लिहिलेली असतात. प्रत्येक कॉलेजमागे निदान दोन-तीन तास द्या आणि पुढच्या ठिकाणी खणा.

कोर्स कॅटलॉगपासून सुरुवात करा. तुमच्या विषयाचे सगळे कोर्स, त्यांची दोन-चार ओळींची वर्णनं आणि आधी काय शिकलेलं असावं लागतं ते तिथे असतं. पण कॅटलॉगमध्ये नाव आहे म्हणजे कोर्स चालू आहे असं नाही. काही कोर्स एक वर्षाआड होतात, काही पाच वर्षांत शिकवलेच गेलेले नसतात. म्हणून त्याच्या जोडीला चालू आणि गेल्या वर्षाचं वेळापत्रक उघडा, बहुतेक विद्यापीठांचं ते बाहेरच्यांनाही दिसतं. कोर्स तिथे सापडला तरच वापरा. तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुरता नाही ना, हेही तिथेच कळेल.

मग मेजरच्या, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाच्या अटी वाचा. किती कोर्स सक्तीचे, किती निवडीचे, प्रबंध असतो का, दुसऱ्या विभागाचे कोर्स धरले जातात का. कंटाळवाणं पान आहे, पण खरा फरक इथेच दिसतो. एकाच विषयाचं मेजर एका कॉलेजात गणिताच्या अंगाने जातं आणि दुसऱ्यात इतिहासाच्या. ‘तुमच्याकडे या विषयाला संख्याशास्त्राचे दोन कोर्स सक्तीचे आहेत आणि मला नेमकं तेच हवं आहे’ असं लिहिणारा मुलगा हजारात उठून दिसतो.

विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र मात्र चुकवू नका. बहुतेक कॉलेजांचं असतं आणि ऑनलाइन फुकट वाचता येतं. कॅम्पसवर कशावरून वाद चालू आहे, कुठला क्लब खरोखर काही करतो, नवी प्रयोगशाळा सुरू झाली की नुसती घोषणाच आहे, हे तिथे कळतं. क्लबांच्या अधिकृत यादीत मेलेले क्लबही असतात. क्लबचं शेवटचं काम कधी झालं ते त्यांच्या सोशल मीडियाच्या पानावर पाहा.

याशिवाय विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या याद्या, प्राध्यापकांनी खुले ठेवलेले सिलॅबस आणि अ‍ॅडमिशन ऑफिसची ऑनलाइन सत्रं. सत्रात ‘तुमचं वैशिष्ट्य काय’ असं विचारलंत तर जाहिरातच ऐकायला मिळेल. ‘पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लॅबमध्ये काम मिळतं का, आणि ते मिळवायला काय करावं लागतं?’ असं विचारा.

टिपणं तीन रकान्यांत काढा: तिथे काय सापडलं, माझ्या कुठल्या कामाशी ते जोडलं जातं, मी त्याचं काय करेन. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ती गोष्ट कितीही आकर्षक असली तरी सोडून द्या. वीस नोंदींतून तीन-चार उरतात. निबंधाला तेवढ्या पुरतात.

प्राध्यापकांचं नाव घ्यावं का?

घेतलंच पाहिजे असं नाही. नाव घेतल्याने निबंध भारदस्त होतो ही समजूत चुकीची आहे. ज्यांची नावं घेतली जातात त्यांच्यातले काही निवृत्त झालेले असतात, काही दुसऱ्या विद्यापीठात गेलेले असतात, काही फक्त पीएचडीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. नावापुढे ‘इमेरिटस’ असेल तर माणूस निवृत्त आहे. वेळापत्रकात नाव शोधा आणि ते बॅचलर्सचा कोर्स घेतात का ते पाहा.

त्यांचं लेखन खरोखर वाचलं असेल तरच नाव घ्या. अख्खा पेपर कळला नाही तरी प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचून तुम्हाला काय प्रश्न पडला, हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. तेवढं जमत नसेल तर नाव गाळा आणि कोर्सबद्दल लिहा. निबंधात उल्लेख करता यावा म्हणून प्राध्यापकांना ईमेल पाठवण्याचं काही कारण नाही.

माहिती जमली. आता प्रत्यक्ष लिहायचं कसं?

एक उदाहरण घेऊ. भाषाशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या एका मुलीचे तीन खर्डे अशा क्रमाने होतील.

पहिला: ‘आपल्या नामांकित विद्यापीठाचा भाषाशास्त्र विभाग जगप्रसिद्ध आहे. तिथले अनुभवी प्राध्यापक आणि संशोधनाच्या असंख्य संधी यांमुळे माझ्या ज्ञानाच्या कक्षा रुंदावतील. वैविध्यपूर्ण कॅम्पसवर मला जगभरातल्या लोकांकडून शिकायला मिळेल.’

हा कुठल्याही कॉलेजला पाठवता येईल. इतकं सगळ्यांना दिसतं, म्हणून मुलं दुसऱ्या टोकाला जातात.

दुसरा: ‘मला फील्ड मेथड्सचा कोर्स घ्यायचा आहे, फोनेटिक्स लॅबमध्ये काम करायचं आहे, लिंग्विस्टिक्स क्लबमध्ये सामील व्हायचं आहे, उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी अर्ज करायचा आहे आणि प्रबंध लिहायचा आहे.’

आता कॉलेजचं नाव बदलून चालणार नाही, म्हणून हा खर्डा पक्का वाटतो. पण लिहिणाऱ्याचं नाव बदलून पाहा. भाषाशास्त्राला अर्ज करणारं कुणीही हेच लिहू शकतं. कॉलेज ठसठशीत दिसतं आणि मुलगी कुठेच दिसत नाही. जवळजवळ सगळे मेहनती निबंध याच टप्प्यावर अडकतात.

तिसरा: ‘आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी फोनवर रेकॉर्ड केल्या आणि लिहून काढताना अडले. एकच शब्द ती बोलताना एक आणि गाताना वेगळा उच्चारते. कुठला लिहायचा? मी दोन्ही शेजारी शेजारी मांडत गेले. चाळीस ओव्या झाल्यावर दिसलं की फरक बहुतेक ओळीच्या शेवटच्या शब्दातच पडतो. तो गाण्यामुळे पडतो की बोलीमुळे, हे मला सांगता येत नाही. तुमच्या फील्ड मेथड्सच्या कोर्समध्ये वर्गाला अनोळखी असलेल्या भाषेचा वक्ता सेमिस्टरभर येतो आणि विद्यार्थी त्याला विचारून विचारून ती भाषा उलगडतात. प्रश्न कसे विचारायचे, ते मला तिथे शिकायचं आहे. त्यानंतर फोनेटिक्स लॅबमध्ये माझ्याच रेकॉर्डिंगमधल्या स्वरांची लांबी मोजायची आहे.’

दुसऱ्या खर्ड्यात कॉलेजच्या पाच गोष्टी होत्या, इथे फक्त दोन आहेत. पण त्या दोन्ही का हव्यात ते कळतं. सगळ्यात कामाचं वाक्य आहे ‘हे मला सांगता येत नाही’. मुलं ते लिहायला कचरतात, आपलं अज्ञान कशाला दाखवायचं म्हणून. खरं तर कॉलेजची गरज त्या वाक्यातूनच निर्माण होते. जिथे आपण अडलो आहोत ती जागा दाखवली की पुढचा कोर्स आपोआप कारणासकट येतो.

लिहिताना क्रम असा ठेवा: केलेलं काम, त्यात अडलेली जागा, कॉलेजमधली नेमकी गोष्ट, तिचा तुम्ही कराल तो उपयोग. सुरुवातीला हीच चार वाक्यं साधी, एकाखाली एक लिहा. भाषेवरून हात नंतर फिरवा.

शब्दमर्यादेत हे सगळं बसवायचं कसं?

१०० ते १५० शब्दांत एकच धागा. प्रस्तावना नाही, समारोप नाही, पहिलं वाक्यच कामाचं. प्रश्न पुन्हा लिहून काढू नका, त्यात पंधरा शब्द जातात.

२५० शब्दांच्या आसपास दोन धागे: अभ्यासाचा मोठा, साधारण १६० शब्दांचा, आणि वर्गाबाहेरचा लहान.

५०० च्या पुढे तीन धागे चालतात. पण लांब निबंधात चौथा, पाचवा, सहावा जोडत गेलं की त्याची पुन्हा यादी होते. त्यापेक्षा एका गोष्टीत खोल जा: पहिल्या वर्षी कुठला कोर्स, त्यावर दुसऱ्या वर्षी काय उभं राहील, शेवटच्या वर्षी कशावर काम कराल. मर्यादा ५५० असताना ४८० शब्दांत नीट सांगून झालं तर थांबा. १५० मध्येच संपत असेल तर मात्र शोध अपुरा झाला आहे.

रँकिंग, हवामान, सुंदर कॅम्पस, मोठं शहर यांबद्दल लिहावं का?

रँकिंग नको. हवामान आणि इमारतीही नकोत. हे सगळं त्यांना ठाऊक आहे आणि त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

शहराचं थोडं वेगळं आहे. ‘न्यूयॉर्कमध्ये राहायला मिळेल’ हे कारण त्या शहरातल्या प्रत्येक कॉलेजला लागू पडतं. पण तुमच्या कामाला ते शहर कसं लागतं आणि कॉलेजचा कुठला कार्यक्रम तुम्हाला तिथे नेतो हे सांगता आलं, तर चांगला मुद्दा होतो. विद्यार्थी आणि शिक्षक यांचं प्रमाण, छोटे वर्ग वगैरेही असंच. ‘वर्ग छोटे आहेत’ हे हजारो अर्जांत असतं. छोट्या वर्गात तुम्ही काय करता जे मोठ्या वर्गात जमत नाही, ते लिहिलंत तर वाचण्यासारखं होईल.

कॅम्पस बघितलेला नाही. निबंध कमी पडेल का?

अजिबात नाही. परदेशातून अर्ज करणाऱ्यांनी कॅम्पस बघितलेला असावा अशी अपेक्षाच नसते. बघितलेल्यांचे निबंध उलट ‘हिरवळीवर बसलेले विद्यार्थी पाहिले आणि वाटलं, हेच माझं घर’ अशा वाक्यांत फसतात. एखाद्या सिलॅबसमधल्या तिसऱ्या आठवड्याच्या वाचनाबद्दल दोन ओळी लिहिल्यात तर त्या कॅम्पसभेटीपेक्षा जास्त काही सांगतात.

मेजर ठरलेलं नाही. मग काय लिहू?

ठरलेलं नसणं चालतं, पण ‘मला सगळंच आवडतं’ हे उत्तर चालत नाही. दोन-तीन विषय घ्या आणि त्यांच्यात तुम्हाला ओढणारा एक प्रश्न शोधा.

इथे कॉलेजची रचना नीट समजून घेणं फार गरजेचं असतं. ब्राउनचा ओपन करिक्युलम १९६९ पासून आहे. तिथे अमुक शाखेचे इतके कोर्स घ्याच अशी सर्वसाधारण सक्ती नाही, आपला अभ्यासक्रम आपण बांधायचा. कोलंबिया कॉलेजचा कोअर बरोबर उलटा, तिथे सगळ्यांनी ठरावीक ग्रंथ एकत्र वाचायचे आणि छोट्या वर्गात त्यांवर चर्चा करायची. न ठरवलेल्या मुलाला दोन्ही कॉलेजं आवडू शकतात, पण कारणं वेगळी असायला हवीत. ब्राउनला लिहिताना मोकळीक मिळाल्यावर तुम्ही स्वतःला शिस्त कशी लावता याचा पुरावा द्या. कोलंबियाला लिहिताना स्वतःहून हातात न घेतलेलं एखादं पुस्तक वाचायला लागल्यावर तुमचं काय झालं, ते सांगा. एकच मुलगा दोन्हीकडे ‘मला विषय शोधायला वाव मिळेल’ असं लिहितो तेव्हा त्याने दोन्ही नीट वाचलेली नाहीत हे उघड होतं.

आणखी एक सावधगिरी. काही विद्यापीठांत कम्प्युटर सायन्ससारख्या विषयाला पहिल्यापासूनच प्रवेश घ्यावा लागतो, नंतर बदलून तिकडे जाणं फार अवघड असतं. सिॲटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे ‘आधी इतिहासात येतो, मग कम्प्युटरकडे वळतो’ असा बेत आखण्याआधी नियम वाचा.

स्कॉलरशिप, नोकरीच्या संधी, तिथे राहणारे नातेवाईक यांचा उल्लेख करावा का?

आर्थिक मदतीची बाब फॉर्ममध्ये वेगळी असते, निबंधात नको. ‘तुमच्याकडे शिकल्यावर चांगले पगार मिळतात’ हे खरं असलं तरी निबंधात दुबळं दिसतं. शिकण्याच्या पद्धतीशी जोडलेलं असेल तर मात्र अवश्य लिहा. नॉर्थईस्टर्न किंवा ड्रेक्सेलचा को-ऑप म्हणजे शिक्षणाच्या मधेच काही महिने पूर्णवेळ नोकरी. अशा ठिकाणी त्या काळात काय शिकायचं आहे हा मुद्दा योग्यच आहे. काका-मावशी जवळ राहतात हे कारण घरात बोलायचं.

दहा कॉलेजांसाठी दहा वेगळे निबंध लिहायचे?

तुमच्याबद्दलचा भाग, म्हणजे केलेलं काम आणि अडलेली जागा, सगळीकडे जवळजवळ तोच राहू शकतो. कॉलेजचा भाग प्रत्येक वेळी नव्याने लिहायचा. जुन्या फाइलमध्ये नाव बदलून नवी बनवू नका, कोरी फाइल उघडा आणि आपला परिच्छेद तेवढा चिकटवा. दुसऱ्याच कॉलेजचं नाव निबंधात राहून जाण्याची चूक दर वर्षी होते आणि ती बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात असते, कारण तोवर डोळे थकलेले असतात.

नावांचे घोळही सांभाळा. कॉर्नेल विद्यापीठ न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाचं, कॉर्नेल कॉलेज आयोवातलं. मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत आहे, युनिव्हर्सिटी ऑफ मायामी फ्लोरिडात. सेंट लुइसचं वॉशिंग्टन विद्यापीठ वेगळं, सिॲटलचं वेगळं. पेन (म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) आणि पेन स्टेट या दोन निरनिराळ्या संस्था आहेत. डार्टमथ आणि बोस्टन कॉलेज स्वतःला कॉलेज म्हणवतात, त्यांना ‘तुमच्या युनिव्हर्सिटीत’ असं लिहू नका.

अर्ली डिसिजनने अर्ज करतोय. ‘तुम्हीच माझी पहिली पसंती’ असं लिहू का?

अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, आणि त्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. पसंती त्यातच कळते. लिहायचंच तर एका वाक्यात लिहा. रेग्युलरमध्ये, म्हणजे बंधन नसलेल्या नेहमीच्या फेरीत, चार कॉलेजांना हेच वाक्य पाठवू नका. ते खोटं आहे आणि त्याने काही मिळतही नाही.

एआयकडून किंवा कन्सल्टंटकडून लिहून घेतलं तर?

कॉमन अ‍ॅपच्या फसवणुकीबद्दलच्या धोरणात एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं हे फसवणुकीत धरलं आहे. काही कॉलेजांचे स्वतःचे नियमही असतात, ते वाचा. नियम बाजूला ठेवला तरी या निबंधात एक वेगळाच धोका आहे. एआय अस्तित्वात नसलेले कोर्स, बंद पडलेली केंद्रं आणि चुकीच्या प्राध्यापकांची नावं पूर्ण आत्मविश्वासाने देतं. वाचणारा त्याच कॉलेजात नोकरी करतो, त्याला एका नजरेत कळतं. कन्सल्टंटने प्रश्न विचारावेत, शंका काढाव्यात, वाक्यं मात्र तुमचीच राहू द्या.

इंग्रजी साधं आहे. भारी शब्द वापरायला हवेत का?

नकोत. ‘एस्टीम्ड’, ‘प्रेस्टिजियस’, ‘पॅशनेट’, ‘होलिस्टिक’ हे शब्द शोधून काढून टाका. बहुतेक ठिकाणी वाक्य त्यांच्यावाचून सुधारतं. शाळेतल्या इंग्रजी पत्रलेखनाचं नम्र वळणही इथे नको. निबंध मोठ्याने वाचा. जे वाक्य तुम्ही शिक्षकांसमोर तोंडाने बोलणार नाही, ते पुन्हा लिहा.

कुणाला वाचायला द्यावा?

दोघांना पुरे. एक तुम्हाला चांगलं ओळखणारा: त्याला विचारा, ‘यात मी दिसतो का?’ दुसरा इंग्रजी नीट असलेला पण तुमच्या विषयातला नसलेला: त्याला विचारा, ‘कुठे कळलं नाही?’ सहा जणांना दिला की प्रत्येक जण एकेक टोकदार वाक्य घासतो आणि निबंध गुळगुळीत होतो. आई-वडिलांनी स्पेलिंग आणि कॉलेजचं नाव तपासावं, ती मोठीच मदत असते.

सबमिट करताना काय चुकतं?

मजकूर ऑनलाइन अर्जातल्या पेटीत चिकटवला की इटॅलिक, परिच्छेदांमधली जागा वगैरे बिघडू शकतं. वर्डमधली शब्दसंख्या आणि पेटीतली एक-दोनने वेगळी निघते, म्हणून काठावर राहू नका. काही कॉलेजांचं रायटिंग सप्लिमेंट वेगळं सबमिट करावं लागतं. मुख्य अर्ज गेला, हिरवी खूण दिसली आणि निबंध तसाच राहिला, असं घडतं. प्रत्येक कॉलेजच्या पानावर दोन्ही खुणा तपासा. सबमिट करण्याआधी तयार होणारी पीडीएफ पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा, निबंध मधेच तुटला असेल तर तिथे दिसतो. एमआयटीचा अर्ज कॉमन अ‍ॅपवर नसतो, तो त्यांच्याच पोर्टलवर भरायचा असतो, हेही डेडलाइनच्या दिवशी कळू नये.

सबमिट झाल्यावर चूक सापडली तर?

त्या कॉलेजला गेलेलं सप्लिमेंट कॉमन अ‍ॅपमध्ये परत उघडत नाही. एखादं स्पेलिंग किंवा स्वल्पविराम असेल तर सोडून द्या. दुसऱ्या कॉलेजचं नाव राहिलं असेल किंवा अर्धाच निबंध गेला असेल तर कॉलेजच्या अर्जदार पोर्टलवर सुधारित कागद टाकायची सोय आहे का पाहा. नसेल तर अ‍ॅडमिशन ऑफिसला तीन ओळींचा ईमेल करा: नाव आणि अर्ज क्रमांक, काय चुकलं, सोबत दुरुस्त प्रत. कारणं देत बसू नका, आणि ईमेल पाठवण्याआधी त्या प्रतीतलं कॉलेजचं नाव पुन्हा एकदा वाचा.